गोड्या पाण्यातला शिल्लक माल

विमा विषयाच्या तासाला आमचे सर सागरी विमा शिकवीत होते. संपूर्ण हानी म्हणजे काय, अंशतः हानी म्हणजे काय, जहाज बुडाल्यावर विमेदाराने काय मागायचे आणि कंपनीने काय द्यायचे, हे सगळे फळ्यावर मांडून झाले. शेवटी सर म्हणाले, "जहाज तळाला गेले, रक्कम चुकती झाली, की खाते बंद. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली म्हणजे आपले काम संपले."

मी उठून विचारले, "सर, जहाज समुद्रात न बुडता तळ्यात बुडाले तर?"

वर्ग हसला. "किल्ल्याच्या तळ्यातली होडी काय रे?" असे मागून कोणीतरी म्हणालेही. सर मात्र हसले नाहीत. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातसुद्धा सागरी प्रवासाला जोडून येणाऱ्या अंतर्देशीय जलमार्गांवरील हानीपर्यंत विमा वाढविण्याची सोय आहे, असे त्यांनी सांगितले, आणि वर म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. उत्तर तूच शोध आणि कॉलेजच्या अंकासाठी लिही." चेष्टेतून अंगावर आलेले हे काम आहे, वाचकहो! पण ग्रंथालयात जुन्या मासिकांचे गठ्ठे उलटता उलटता मी त्यात असा गुंतलो, की परीक्षेचा अभ्यास बाजूला राहिला.

आरंभी माझे मत अगदी व्यापारी होते. बुडालेले जहाज म्हणजे पडून राहिलेली मालमत्ता. ती वर काढावी, विकावी, नाहीतर तिकीट लावून दाखवावी. तळाशी ठेवून कोणाचा फायदा? हे मत पुढे टिकले नाही. का टिकले नाही, तेच या लेखात सांगायचे आहे.

प्रथम पाण्याविषयी. जे पाणी खारे नाही त्याला आपण मराठीत 'गोडे पाणी' म्हणतो. शेजारच्या कन्नड विभागातले माझे मित्र 'सिहि नीरु' म्हणतात, म्हणजेही गोड पाणीच. पण ज्या सरोवरांची गोष्ट मी सांगणार आहे, त्यांच्यापुढे आपले 'तळे' आणि त्यांचे 'केरे' हे दोन्ही शब्द थिटे पडतात. अमेरिका व कॅनडा यांच्या सरहद्दीवर सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टारिओ अशी पाच महासरोवरे आहेत. एकट्या सुपीरियरचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्यासारखे सहा जिल्हे त्यात मावतील. पाचही सरोवरे एकत्र धरली तर अख्खे कर्नाटक त्यात बुडून वर पाणी शिल्लक राहील. पृथ्वीच्या पाठीवरील गोड्या पाण्यापैकी सुमारे एक पंचमांश पाणी या पाच सरोवरांत आहे. सुपीरियरची सर्वांत जास्त खोली ४०६ मीटर. अशा पाण्यावर वादळ उठले की त्याला सरोवर म्हणायचे ते केवळ नकाशापुरते.

व्यापारानेच या पाण्यावर जहाजे आणली. १८२५ साली ईरी कालवा खुला झाला आणि सरोवरे न्यूयॉर्क बंदराशी जोडली गेली. १८५५ साली सू येथील पाणकुलपे तयार झाली आणि सुपीरियरकाठचे लोहखनिज खालच्या सरोवरांत येऊ लागले. गहू, इमारती लाकूड, कोळसा, खनिज असा माल वाहण्यासाठी आधी शिडाची गलबते, मग आगबोटी, मग शेकडो फूट लांबीची पोलादी जहाजे आली. हिवाळ्यात पाणी गोठते आणि वाहतूक बंद पडते. म्हणून हंगाम संपण्यापूर्वी आणखी एक खेप पदरात पाडून घ्यावी असा प्रत्येक मालकाचा आणि कप्तानाचा हिशेब असे. नेमकी नोव्हेंबरातच इथली सर्वांत वाईट वादळे होतात. त्या 'आणखी एका खेपे'ने किती जहाजे गिळली याची नक्की मोजदाद नाही. पाचही सरोवरांत मिळून सुमारे सहा हजार जहाजे बुडाली असावीत असा अंदाज केला जातो.

आता प्रश्न असा, की बुडाल्यावर त्यांचे काय होते? समुद्रात बुडालेल्या लाकडी जहाजाचे आयुष्य फार नसते. समुद्रात टेरेडो नावाचा एक प्राणी असतो. दिसायला तो अळीसारखा, पण नाते शिंपल्यांशी. तो लाकूड पोखरत जातो आणि थोड्याच वर्षांत जाड तुळईची चाळण करून टाकतो. लाकडी होड्यांचा हा सगळ्या जगातला शत्रू, आपल्या कोकणपट्टीवरचाही. पण त्याला जगायला खारे पाणी लागते. गोड्या पाण्यात तो तग धरू शकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मीठ. खाऱ्या पाण्यात लोखंड लवकर गंजते, गोड्या पाण्यात सावकाश. तिसरी गोष्ट थंडीची. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्यामुळे ते खाली जाऊन बसते, आणि या सरोवरांच्या खोल तळाशी बारा महिने त्याच्या आसपास तापमान राहते. अशा गारठ्यात लाकूड कुजविणारे जीवाणू फारच मंद काम करतात. उजेड नाही, लाटांची खळबळ नाही, पोखरणारा किडा नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर तिथे घसाऱ्याचा दर जवळजवळ शून्य आहे. म्हणून दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची गलबते डोलकाठ्यांसकट तळावर उभी सापडतात.

अशी दोन गलबते ऑन्टारिओ सरोवरात सुमारे ९० मीटर खोलीवर आहेत. एकाचे नाव 'हॅमिल्टन', दुसऱ्याचे 'स्कर्ज'. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात १८१२ साली जे युद्ध सुरू झाले, त्यातली ही अमेरिकन लढाऊ गलबते. पण दोन्ही जन्माने व्यापारी. युद्धासाठी त्यांच्यावर तोफा चढविल्या आणि वरचा भाग जड होऊन बसला. 'स्कर्ज'वरचे खलाशी आपसांत म्हणत, की हे गलबत एक दिवस आपल्याला घेऊन बुडणार. ८ ऑगस्ट १८१३ च्या मध्यरात्रीनंतर अचानक वावटळ आली आणि दोन्ही गलबते काही मिनिटांतच उलटली. पन्नासहून अधिक माणसे गेली. वाचलेल्यांपैकी नेड मायर्स नावाच्या खलाशाने पुढे आपली हकीकत जेम्स फेनिमोर कूपर या कादंबरीकाराला सांगितली, आणि १८४३ मध्ये तिचे पुस्तक झाले.

१९७३ साली ही गलबते शोधण्यात यश आले आणि १९८२ साली त्यांची छायाचित्रे घेण्यात आली. ती मी पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. तोफा आपल्या जागी. तोफांच्या मध्ये अडकवून ठेवलेल्या तलवारी तशाच. नाळेवर कोरलेली लाकडी मूर्ती अजून पुढे पाहते आहे. आणि बाजूला माणसांच्या कवट्या. १८१३ सालच्या त्या रात्रीनंतर तिथले काही हललेलेच नाही.

पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला याहून विलक्षण वाटावा असा भाग पुढेच आहे. 'स्कर्ज'चे मूळ नाव 'लॉर्ड नेल्सन'. कॅनडातील जेम्स व विल्यम क्रूक्स या भावांनी व्यापारासाठी ते बांधून घेतले होते. जून १८१२ मध्ये, युद्ध जाहीर होण्याच्या काही दिवस आधी, अमेरिकन आरमाराने ते चोरट्या व्यापाराच्या संशयावरून पकडले. मग ते विकले गेले आणि आरमारानेच घेतले. विक्रीचे सुमारे तीन हजार डॉलर न्यायालयात जमा झाले. १८१७ साली न्यायालयाने ही जप्ती बेकायदा ठरविली आणि पैसे क्रूक्स बंधूंना द्यावेत असा निकाल दिला. पण पैसे होते कुठे? न्यायालयाच्या कारकुनानेच ते खाऊन टाकले होते! दोघे भाऊ दावा सांगता सांगता निवर्तले, त्यांची मुले म्हातारी झाली. अखेर १९१४ साली दोन्ही देशांच्या लवादाने निकाल दिला. मुद्दल ५,००० डॉलर. १८१९ पासून १९१२ पर्यंत दरसाल दर शेकडा ४ प्रमाणे सरळव्याज. आपण वहीत करून पाहू. वर्षाला २०० डॉलर, म्हणजे त्र्याण्णव वर्षांचे १८,६००, आणि वरच्या महिन्यांचे थोडे. एकूण २३,६४४ डॉलर ३८ सेंट. व्याज मुद्दलाच्या पावणेचारपट झाले. ती रक्कम वारसांच्या हाती पडायला आणखी कित्येक वर्षे गेली. तोपर्यंत गलबत शंभर वर्षे पाण्याखाली होते आणि त्याच्या फळ्या शाबूत होत्या. बुडाली ती फक्त न्यायालयात जमा केलेली रक्कम.

दुसरी गोष्ट मिशिगन सरोवरातली. 'राउस सिमन्स' नावाचे तीन डोलकाठ्यांचे गलबत १८६८ साली मिलवॉकी येथे बांधले गेले. आयुष्यभर त्याने लाकूड वाहिले. म्हातारपणी ते हर्मन श्यूनेमान या कप्तानाकडे आले. श्यूनेमान यांचा धंदा मोठा गमतीचा होता. नोव्हेंबरात उत्तरेकडच्या जंगलातून नाताळची झाडे भरायची, शिकागोला क्लार्क स्ट्रीटच्या पुलाजवळ गलबत बांधायचे आणि गलबतावरूनच ती गिऱ्हाइकाला विकायची. मध्ये अडत्या नाही, दलाल नाही. म्हणून भाव कमी आणि तरी नफा. शिवाय गरीब कुटुंबांना ते झाडे फुकट देत, त्यामुळे शहरात त्यांचे नाव प्रेमाने घेतले जाई.

या धंद्यातला धोका त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. त्यांचे भाऊ ऑगस्ट १८९८ मध्ये अशीच नाताळची झाडे घेऊन येताना गलबतासह बुडाले होते. तरी धंदा चालू राहिला, कारण घर त्यावर चालत होते. २२ नोव्हेंबर १९१२ रोजी 'राउस सिमन्स' हजारो झाडे घेऊन मिशिगनमधील थॉम्पसन बंदरातून निघाले. त्या वेळी गलबत चव्वेचाळीस वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या बचाव ठाण्यातून ते संकटाची खूण लावून जाताना दिसले. मदतीची नाव सुटली, पण वादळात ते दिसेनासे झाले ते झालेच. एकही माणूस परत आला नाही.

१९२४ साली एका कोळ्याच्या जाळ्यात मेणकापडात गुंडाळलेले पाकीट आले. ते कप्तान श्यूनेमान यांचे होते आणि आतले कागद बारा वर्षांनंतरही वाचता येत होते. १९७१ साली एका पाणबुड्याला गलबतच सापडले. सुमारे १६५ फूट खोलीवर, आणि तळघरात नाताळची झाडे अजून रचलेली! काहींवर सुया, म्हणजे त्या झाडांची बारीक पाने, तशीच होती. ताळेबंदात आपण 'अखेरचा शिल्लक माल' लिहितो ना, तो माल एकोणसाठ वर्षे मोजणाऱ्याची वाट पाहत राहिला होता.

मला मात्र त्या झाडांपेक्षा बार्बरा श्यूनेमान जास्त आठवतात. कप्तानांच्या या विधवेने रडून दार लावून घेतले नाही. मुलींना बरोबर घेऊन त्यांनी नाताळच्या झाडांचा तोच व्यापार पुढे कित्येक वर्षे चालविला. विम्याच्या पुस्तकात 'हानी' या शब्दाची व्याख्या दिलेली असते, पण हानीनंतर दुसऱ्या दिवशी दुकान कोणी उघडायचे, ते दिलेले नसते.

तिसरे जहाज आपल्या काळाच्या जवळचे, आणि थेट विम्याच्या धंद्यातले. त्याचे नाव 'एडमंड फिट्झजेराल्ड'. मिलवॉकीच्या नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल या आयुर्विमा कंपनीने आपला पैसा गुंतविण्यासाठी ते बांधून घेतले आणि कंपनीच्या प्रमुखाचेच नाव त्याला दिले. चालविण्याचे काम दुसऱ्या कंपनीकडे भाड्याने. १९५८ साली ते पाण्यात उतरले, तेव्हा ७२९ फूट लांबीचे हे जहाज या सरोवरांवरचे सर्वांत मोठे जहाज होते. ९ नोव्हेंबर १९७५ रोजी सुपीरियर बंदरातून २६,११६ टन लोहखनिजाच्या गोळ्या भरून ते डेट्रॉइटकडे निघाले. दुसऱ्या दिवशी वादळ वाढले. कप्तान अर्नेस्ट मॅक्सॉर्ली यांनी मागून येणाऱ्या 'आर्थर अँडरसन' जहाजाला बिनतारी संदेशाने कळविले, की कठडा तुटला आहे, जहाज एका बाजूला कलले आहे, पंप चालू आहेत. पुढे रडारही बंद पडले. संध्याकाळी सातनंतर 'अँडरसन'वरून पुन्हा विचारणा झाली. आम्ही टिकून आहोत, अशा अर्थाचे उत्तर आले. त्यानंतर काही नाही. धोक्याचा एकही संदेश न देता एकोणतीस माणसांसह जहाज ५३० फूट खाली गेले. एकाचाही देह किनाऱ्याला लागला नाही. याचेही कारण तेच थंड पाणी. त्यात देह कुजत नाही, म्हणून फुगून वर येत नाही.

जहाज का बुडाले यावर आजही एकमत नाही. तटरक्षक दलाच्या चौकशीने मालाच्या झाकणांतून पाणी आत गेल्याचा निष्कर्ष काढला. जहाजमालकांच्या संघटनेचे म्हणणे असे, की जहाज आधी उथळ खडकावर घासले असावे. या वादात मी पडत नाही. पण चौकशीत पुढे आलेला एक आकडा मला विसरता येत नाही. जहाज किती खोल बसेपर्यंत भरावे यासाठी त्याच्या अंगावर भाररेषा रंगविलेली असते. रेषा वर सरकली की माल जास्त मावतो, आणि वादळात पाणी कठड्यावर लवकर चढते. 'फिट्झजेराल्ड' बांधले तेव्हाच्या रेषेपेक्षा १९७३ पर्यंत नियम सैल होत होत हिवाळ्यातील भाररेषा जवळजवळ सव्वातीन फूट वर गेली होती. सव्वातीन फूट म्हणजे प्रत्येक खेपेला अधिक टन, अधिक भाडे, अधिक नफा. नफातोटा पत्रकात ते जमेच्या बाजूला दिसते. त्याची दुसरी नोंद कुठे करायची, हे पत्रक सांगत नाही. अपघातानंतर १९७३ ची ती सवलत काढून घेतली गेली, खोली मोजण्याचे यंत्र सक्तीचे झाले, खलाशांना गारठ्यापासून वाचविणारे पोशाख आले. त्यानंतर या सरोवरांवर असे मोठे मालवाहू जहाज बुडालेले नाही.

आता पुन्हा माझ्या पहिल्या मताकडे येतो. एवढी उत्तम राहिलेली जहाजे वर का काढीत नाहीत? उत्तर असे, की एकदा काढून पाहिले आहे.

'अल्विन क्लार्क' हे मालवाहू गलबत १८६४ च्या जूनमध्ये मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या भागात वादळी झोताने बुडाले. १९६७ साली कोळ्यांची अडकलेली जाळी सोडवायला उतरलेल्या फ्रँक हॉफमन या पाणबुड्याला ते सापडले. हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षे खपून, गाळ उपसून, १९६९ च्या जुलैत ते वर काढले. आतले पाणी पंपाने उपसल्यावर ते गलबत एकशे पाच वर्षांनंतर आपले आपण तरंगू लागले! लोकांनी किनाऱ्यावर गर्दी केली. मिशिगनमधील मेनोमिनी गावी तिकीट लावून ते दाखविण्यात येऊ लागले. अगदी माझ्या मनासारखे झाले होते.

आणि तिथूनच त्याचा नाश सुरू झाला. शंभर वर्षे पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशींत पाणी भरलेले असते. त्याच पाण्याने लाकडाचा आकार धरून ठेवलेला असतो. लाकूड उघड्यावर वाळले की पाणी जाते, पेशी आत कोसळतात, फळ्या आकसतात, तडकतात. वर हवा आणि ऊब मिळाली की कुजणेही जोरात सुरू होते. स्वीडनने 'वासा' हे १६२८ साली बुडालेले युद्धनौकेचे धूड १९६१ साली बाल्टिक समुद्रातून वर काढले. तिथले पाणीही इतके कमी खारे, की टेरेडो जगत नाही. पण तिथे पाठीशी सरकार होते. लाकडात पाण्याच्या जागी पॉलिएथिलिन ग्लायकॉल हे मेणासारखे द्रव्य मुरावे म्हणून त्या जहाजावर सतरा वर्षे फवारणी केली गेली, मग वर्षानुवर्षे ते सावकाश वाळविले गेले. हॉफमन यांच्याजवळ होती ती हौस आणि कर्ज. वर काढण्याचा खर्च त्यांनी धरला होता. टिकविण्याचा खर्च कोणी धरलाच नव्हता. तिकिटांच्या पैशातून तो कधी निघाला नाही. गलबत डोळ्यांदेखत कुजले, ते स्वतः कर्जात बुडाले, आणि १९९४ साली उरलेला सांगाडा यंत्राने मोडून टाकण्यात आला. जे पाण्याने एकशे पाच वर्षे सांभाळले, ते माणसांनी पंचवीस वर्षांत संपविले. तेही प्रेमाने.

हे वाचताना मला हॉफमन यांना नावे ठेवता आली नाहीत, कारण हेच मी घरी केले आहे. आमच्या पणजोबांचे अडत दुकान होते. त्यांची मोडीत लिहिलेली एक खतावणी लाल खारव्यात बांधून माळ्यावर ठेवलेली होती. बी. कॉम.ला आल्यावर मला तिचा अभिमान वाटू लागला. लक्ष्मीपूजनाला मी ती खाली काढली, खारवा सोडला, मित्रांना दाखविली आणि माझ्या खिडकीजवळच्या फळीवर ऐटीत ठेवली. पुढचा पावसाळा आला. बेळगावचा पाऊस आपल्याला माहीत आहे. श्रावणात उघडून पाहतो तो पाने एकमेकांना चिकटलेली, आणि खालून वाळवी लागलेली. निम्मी वही गेली. आजी रागावली नाही. एवढेच म्हणाली, "सत्तर वर्षं माळ्यावर सुखानं होती की रे."

आज महासरोवरांवर हाच धडा कायद्यात उतरला आहे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने तळाशी सोडून दिलेल्या जहाजांची मालकी त्या त्या राज्याकडे आली. ह्युरॉन सरोवरातील थंडर बे येथे २००० साली, आणि मिशिगन सरोवराच्या विस्कॉन्सिन किनाऱ्यावर २०२१ साली, बुडालेल्या जहाजांची राष्ट्रीय अभयारण्ये झाली. पाणबुडे उतरतात, मोजमाप घेतात, चित्रे काढतात आणि रिकाम्या हाताने वर येतात. 'फिट्झजेराल्ड'वरून १९९५ साली एकच मोठी वस्तू काढली गेली, ती म्हणजे घंटा. तीही मृतांच्या नातेवाइकांच्या इच्छेने. तिच्या जागी एकोणतीस नावे कोरलेली दुसरी घंटा खाली ठेवली. मूळ घंटा व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात आहे.

मात्र तळाला ठेवले म्हणजे सारे सुरक्षित, असे आता म्हणता येत नाही. रिकामे जहाज तोल सांभाळण्यासाठी पोटात पाणी भरून घेते आणि दुसऱ्या बंदरात ओतते. परदेशी जहाजांच्या अशा पाण्यातून १९८० च्या दशकात झेब्रा आणि क्वागा जातींचे शिंपले या सरोवरांत आले. सुपीरियरमध्ये चुन्याचा अंश कमी असल्याने तिथे ते फारसे फोफावले नाहीत. पण खालच्या सरोवरांत त्यांचे थर जहाजांवर चढत आहेत. 'हॅमिल्टन' आणि 'स्कर्ज'ही त्यातून सुटलेली नाहीत. शिंपल्यांच्या ओझ्याने फळ्या मोडतात, खिळे गंजतात, कोरीवकाम झाकून जाते. ज्या व्यापाराने ही जहाजे बुडविली, त्याच व्यापाराने त्यांचा नवा शत्रू आणून सोडला. म्हणून आज तिथले संशोधक घाईत आहेत. घाई वर काढण्याची नाही, लिहून ठेवण्याची.

सरांना मी हा लेख आधी वाचून दाखविला. "मग खाते बंद होते की नाही?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "सर, विमा कंपनीचे होते. बाकीच्यांचे होत नाही." सरांनी मान हलविली, पसंतीने की परीक्षेच्या काळजीने, ते कळले नाही.

आमची खतावणी आता पुन्हा खारव्यात बांधली आहे. त्याआधी शाबूत पानांची नक्कल करावी म्हणून मी मोडी शिकायला लागलो आहे. आतापर्यंत अकरा पाने झाली आहेत.

— बी. कॉम. भाग २, मराठी विभाग